चौतीस मिनिटांची मैफल

धाकटी तीन वर्षं लांब शिकून घरी परतली तेव्हा तिच्या सामानात कपडे कमी आणि रेकॉर्डिंगं जास्त होती; त्रेचाळीस मैफली, पाच जणांचा एकच बँड, आणि प्रत्येक मैफलीत रंगवलेली धूनही तीच.

“एकच गाणं त्रेचाळीस वेळा?” बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. “पहिल्या बेचाळीस वेळा चुकलं होतं का?”

“बाबा, ते ठरवून वाजवतच नाहीत. एकाने सूर टाकायचा, दुसऱ्याने तो उचलायचा. आपण कुठे जाऊन पोहोचणार, हे पाचांपैकी एकालाही ठाऊक नसतं.”

“म्हणजे आपल्या घरातल्या गप्पा,” मामी म्हणाली.

धाकटी हसली, पण माघार घेईना. स्टुडिओतली चकचकीत गाणी तिला धुऊन वाळत घातल्यासारखी वाटत. हा बँड मात्र श्रोत्यांना खुशाल रेकॉर्ड करू देई, आणि गर्दीत धरलेल्या त्या मायक्रोफोनमध्ये गिटारबरोबर माणसंही येत, त्यांचं खोकणं, कुजबुजणं, खुर्च्यांची करकर. चौतीस मिनिटांचं एक रेकॉर्डिंग तर तिने होस्टेलच्या खोलीत इतकं ऐकलं होतं, की त्यातल्या अनोळखी श्रोत्यांचा तिला घरच्यांसारखा लळा लागला होता. हे सगळ्यांनी एकत्र बसून ऐकलं तर माणसं एकमेकांशी वेगळं बोलू लागतील, असं तिला अगदी मनापासून वाटे.

त्यासाठी तिला वाचनालयातली मागची रिकामी खोली हवी होती. ग्रंथपालांना तिथे जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे रचायचे होते, पण त्यांनी तिला लहानपणापासून पाहिलेलं.

“रविवारी सकाळी एकदा लावून दाखव,” ते म्हणाले. “लोक शेवटपर्यंत बसले तर खोली तुझी. उठून गेले तर गठ्ठे आत.”

रविवारी तेवीस जण आले. धाकटी पहिल्या रांगेत स्पीकरसमोर बसली. ग्रंथपाल दार ओढून घेऊन बाहेर कामाला गेले, आणि धून सुरू झाली.

सातव्या मिनिटाला रेकॉर्डिंगमध्ये कोणीतरी खोकतं. नेमके तेव्हाच मागे निवृत्त पोस्टमास्तर खोकले. तिला गंमत वाटली. अकराव्या मिनिटाला किल्ल्यांचा जुडगा पडतो. सुताराच्या मांडीवरून जुडगा घसरला आणि तो ओशाळून खाली वाकला. आवाज एकदाच झाला होता. स्पीकरमधून वेगळा आलाच नाही.

एकोणिसाव्या मिनिटाला ड्रम अचानक थांबतो तिथे एक बाई हसते, फुटलेलं हसू पदराआड दाबल्यासारखं. धाकटीचं हे सगळ्यांत लाडकं. परक्या मुलखातल्या त्या एकटेपणात या हसण्याने तिला किती धीर दिला होता, आणि का, ते तिला कधी उमगलं नव्हतं. मागे मामी हसली. तेच हसू.

धाकटीच्या अंगावर सर्रकन काटा आला, तरी छातीत आनंद मावेना. तिचे श्रोते तिला भेटायला आले होते. ती पुढचे आवाज मोजू लागली. पंचविसाव्याला खुर्ची करकरली, अठ्ठाविसाव्याला कोणी नाक ओढलं, आणि मग तिने घड्याळाकडे पाहिलं.

तिसाव्या मिनिटानंतर त्या रेकॉर्डिंगमध्ये माणसांचा आवाज नव्हता. खोकला नाही, करकर नाही, शेवटी टाळ्यासुद्धा नाहीत. श्रोते इतके भारावले की श्वास घ्यायचं विसरले, असं ती मैत्रिणींना अभिमानाने सांगत असे.

तिचा हात बटणाकडे गेला. तिने मागे वळून पाहिलं. तेवीस चेहरे मिटल्या डोळ्यांनी पुढे झुकले होते. गाण्याच्या नावाने कपाळाला आठ्या घालणारे बाबा गुडघ्यावर बोटाने ठेका धरत होते, आणि गिटार त्या सुंदर चढणीवर नुकती पाऊल टाकत होती. आता कसं थांबवायचं? तिने हात मागे घेतला आणि ती पुन्हा स्पीकरकडे तोंड करून बसली.

चार मिनिटं सूर चढत गेले. इतकं देखणं ते तिला कधीच ऐकू आलं नव्हतं. मग शेवटचा सूर विरला.

ती वळली नाही. बऱ्याच वेळाने दार उघडल्याचा आवाज आला.

“जिंकलीस बाई,” ग्रंथपाल दारातूनच कौतुकाने म्हणाले. “एकही माणूस उठलेला नाही.”