चार नखवाले बेडूक

महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत मावशींची सत्तावीस वर्षं गेली होती. परीक्षानळ्या धुणं, सूक्ष्मदर्शकं पुसणं आणि कोपऱ्यातल्या काचेच्या टाकीत चार बेडूक सांभाळणं हे त्यांचं काम. मागच्या पायांना काळी नखं असल्यामुळे मुलं त्यांना नखरेवाले म्हणत. नखरे मात्र काडीचे नव्हते. दिवसभर पाण्यात तरंगायचं, मधूनच नाक वर काढून श्वास घ्यायचा, एवढाच त्यांचा संसार.

एके दिवशी नव्या विभागप्रमुखांनी फर्मावलं, की खोलीत संगणक येणार आहेत, शनिवारपर्यंत टाकी हलवा. बेडकांचं काय, असं मावशींनी विचारलं, तर ते म्हणाले, मागच्या तळ्यात सोडा, सुटतील बिचारे.

"नाही सोडणार, सर," मावशी म्हणाल्या.

सत्तावीस वर्षांत त्यांच्या तोंडून 'नाही' कुणी ऐकलं नव्हतं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मावशींनी शांतपणे सांगितलं, की हे आपल्या पाण्यातले नाहीत, लांबच्या मुलखातले आहेत. यांना जीभ नसते, पण पुढच्या दोन्ही हातांनी जे मिळेल ते तोंडात कोंबतात. मासे, अंडी, इथल्या बेडकांची पिल्लं, काही म्हणून सोडणार नाहीत. शिवाय यांच्या कातडीवर एखादा रोग असला, तर यांना काही होत नाही, पण तळ्यातले बेडूक पटापट मरतात. मग तुमचं तुम्ही बघा, असं म्हणून सरांनी अंग काढून घेतलं.

बेडकांना कुणी ठेवून घेईल का, म्हणून मावशींनी दोन दिवस पायपीट केली. एका शिक्षिकेने नाक मुरडलं. माशांच्या दुकानदाराने हौसेने होकार दिला, पण तो त्यांना सोनेरी माशांच्या टाकीत टाकणार होता. सकाळपर्यंत तुमचे निम्मे मासे पोटात गेलेले असतील, असं मावशी म्हणाल्या, तेव्हा त्याला ती थट्टा वाटली. मावशी आल्या पावली परतल्या. शनिवारी झाकणाच्या बादलीत बेडूक आणि रिक्षात टाकी घालून त्या थेट घरी आल्या.

घरी थोरली बहीण होती. ताई शिलाईकाम करायची आणि पाल दिसली तरी खुर्चीवर चढायची. तिने दारातच बजावलं, "एक तर ते राहतील, नाहीतर मी."

"दोघंही राहाल," मावशी म्हणाल्या आणि टाकी पुसायला बसल्या.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन या नाजूक कातडीला सोसत नाही, म्हणून ते घालवणारे दुकानातले थेंब त्यांनी मोजून घातले. गिळता येतील असे बारीक खडे काढून टाकले. टाकीतलं पाणी गाळणाऱ्या यंत्राची धार मंद ठेवली, आणि झाकणावर इस्त्री ठेवली, कारण हे प्राणी फटीतून निसटण्यात पटाईत.

महिनाभर ताईने टाकीकडे पाठ करून शिवण केलं. मग एका दुपारी काचेवरचा डाग बघवेना, म्हणून तिने झाकण उचलून काच पुसली आणि इस्त्री परत ठेवायला विसरली. मावशी कामावरून आल्या तर टाकीत तीनच. कोरड्या जमिनीवर हा जीव फार वेळ टिकत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दोघी बहिणी गुडघ्यांवर बसून घर धुंडाळू लागल्या. तो सापडला ताईलाच. शिलाई मशीनच्या मागे, दोऱ्यांच्या गुंत्यात, धुळीने माखलेला.

मावशी स्वयंपाकघरात होत्या. तिथूनच त्यांनी सांगितलं, "हात ओले कर आणि उचल. थांबू नकोस."

ताईने कुंड्यांसाठी भरून ठेवलेल्या पाण्यात हात बुडवले, डोळे मिटले आणि उचललं.

वेगळ्या टबात तो दोन दिवस निपचित पडून होता. ताईने मशीनला हात लावला नाही. टबाशेजारी स्टूल टाकून ती बसून राहिली. तिसऱ्या दिवशी तिने समोर धरलेला गांडुळाचा तुकडा त्याने दोन्ही हातांनी तोंडात कोंबला. ताईने पदराने डोळे पुसले आणि कपड्यांतली धूळ डोळ्यात गेली म्हणाली.

त्या आठवड्यात तिने विचारलं, की हे जगतात तरी किती. पंधरा वर्षं तर सहज, कधी वीसही, आणि हे आत्ता कुठे पाच-सहा वर्षांचे, असं मावशींनी सांगितलं. ताई बोटं मोजत बसली. वीस धरली तर ती ऐंशीच्या घरात जात होती. तिने उठून भाचीला फोन लावला.

"आमच्यानंतर चार बेडूक तुझ्याकडे येणार आहेत," ती म्हणाली. "विचारत नाही, सांगतेय."

भाचीने आढेवेढे घेतले. आपल्याला बेडकांची किळस येते म्हणाली.

"मलाही येत होती. रविवारी ये, शिकवते."

भाची आली, तोंड वाकडं करून का होईना, दुपारभर पाणी बदलायला शिकली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. खिडकीच्या उन्हापासून लांब, बैठकीच्या खोलीत अडीच फूट भिंत मोकळी आहे, तेवढ्यात टाकी मावेल का, असं ती विचारत होती. ताईने मापाची टेप काढून टाकीच्या एका कडेला लावली आणि मावशींना टेपचं दुसरं टोक धरायला सांगितलं.