दोनशे मोल सोडा

शिवदासने काशीरामला कॉलर धरून भिंतीवर आपटलं आणि तोंडावर दुसरी बुक्की हाणली. काशीरामच्या नाकातून रक्ताची धार लागली.

"माप मारलंस ना? सोडा बाहेर विकलास ना, साल्या?"

"नाय रे. बाईंनी फळ्यावर लिहिलं तेवढाच घातलाय मी. एकवीस किलो दोनशे ग्रॅम."

विक्रोळीच्या त्या रंगाच्या कारखान्यात आम्लाच्या टाकीत सोडा टाकायचा, फेस बसला की आम्ल मेलं असं समजायचं आणि तोटी सोडायची, अशी रीत होती. सकाळी फेस बसला, शिवदासच्या थोरल्या भावाने, दत्तारामने, तोटी सोडली आणि आम्लाने त्याचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत सोलून काढले. त्याला इस्पितळात नेलं तरी त्याच्या किंकाळ्या नलिनीच्या कानांतून जात नव्हत्या.

फळ्यावरचा आकडा तिचा होता. बीएस्सी होऊन प्रयोगशाळेत लागल्यापासून ती तोच हिशोब करायची. टाकीला दोनशे मोल सोडा, मोल म्हणजे रसायनातली कणांची ठरलेली मोजदाद, एका मोलचं वजन एकशे सहा ग्रॅम, गुणलं की झालं. आज तिची नजर कोपऱ्यातल्या पोत्यावर गेली. भुकटी संपली म्हणून काल खड्यांचा सोडा आला होता. खड्यांत पाणी धरलेलं असतं, त्यांचा एक मोल दोनशे शहाऐंशी ग्रॅमचा. म्हणजे सोडा निम्माही पडला नव्हता. फेस बसला तो सोडा संपला म्हणून. आम्ल जिवंतच होतं.

ती गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. काशीरामला बडवून लोक मोकळे झाले असते.

शिवदासने टाकी ढवळायचा दांडा उचलला. नलिनी मध्ये घुसली. दांडा तिच्या उजव्या मनगटावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"बाई, बाजूला व्हा."

"त्याने माप बरोबर घेतलं," ती कळवळत म्हणाली. "हिशोब माझा चुकला. सोडा बदलला, मी वजन बदललं नाही. तुझ्या भावाचे पाय माझ्यामुळे गेले, शिवदास."

शिवदासने दांडा पुन्हा वर नेला. ती हलली नाही. दांडा त्याने टाकीवर फेकून मारला आणि खाली बसून तो ढसाढसा रडू लागला.

काशीरामने बाहीने नाक पुसलं. "किती हवा होता, बाई?"

नलिनीने डाव्या हाताने जुना आकडा पुसला, खडू घेतला आणि पहिलीतल्या पोरासारख्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, सत्तावन्न किलो दोनशे ग्रॅम. तिचं लिहून होईपर्यंत काशीरामने फळा धरून ठेवला.