परत येणाऱ्या टोप्या

"गुंडा ढेबे हा इसम सरकारी जंगलातील मध चोरून काढण्याच्या हेतूने, कोणाच्याही सांगण्यावाचून, टोपीच्या कड्याखाली उतरला व तोल जाऊन मयत झाला. पाहुण्यांच्या करमणुकीशी त्याचा संबंध नव्हता." पाचगणीच्या प्रवासी सोय मंडळाने मे १९४४मध्ये मामलेदारांना सादर केलेल्या अहवालातले हे निवेदन. त्यातला खरा भाग एवढाच, की गुंडा मेला.

याच मंडळाच्या माहितीपत्रकात टेबललँडवरची घोड्याची रपेट, सूर्यास्त आणि टोपीचा कडा ही तीन आकर्षणे ठळक छापली आहेत. कड्यावरून टोपी फेकावी आणि वाऱ्याने ती परत आणून द्यावी, हा तिथला चमत्कार. पावसाळ्यात वारा हे खरोखर करतो, परंतु पावसाळ्यात पाहुणे नसतात. ते मे महिन्यात येतात, आणि त्या महिन्यात दुपारनंतर वारा पडतो. निसर्गाला हंगामाचे भान नाही असे पाहून मंडळाने त्याचे काम गुंडाला दिले. वरून दिसणार नाही अशा एका कपारीत तो कमरेला दोर बांधून बसे, बांबूच्या टोकाला लावलेल्या जाळीत टोपी झेली आणि वर भिरकावी. वर टाळ्या पडत. दोराचे दुसरे टोक वर, पाहुण्यांच्या नजरेआडच्या कोपऱ्यात कठड्याला बांधलेले असे.

अहवाल मान्य झाला असता, तर जंगलखात्याच्या जागेतली गुंडाची झोपडी चोराची म्हणून मोडली गेली असती. त्याची बायको बनुबाई दोन मुलींना घेऊन कुठे जाणार, हा प्रश्न अहवालाच्या कक्षेबाहेरचा होता. चौकशी डाक बंगल्याच्या व्हरांड्यात झाली. मी पंच होतो. बनुबाई मुलींना घेऊन पायरीखाली उभी होती, आणि तिच्या पायाशी प्रेताच्या कमरेचा सोडून घेतलेला दोर वेटोळे करून ठेवला होता.

"आवं सायेब," ती मामलेदारांना म्हणाली, "मधाला जायाचं तर दोर माजा भाऊ धरतुया. आमच्यात दुसऱ्याच्या हातात दोर देत न्हाईत. भैनीचं कुकू ऱ्हावं असं ज्याला वाटतं, त्योच घट धरतुया."

"मग भावाला बोलाव."

"भाऊ लालासाहेब लामावर हाय, लढाईला. पलटणीत गेल्याला तीन सालं झाली. तवापास्नं माज्या मालकानं मधाचं नाव काढल्यालं न्हाई. गावात कुनाबी इचारा."

मंडळाचे चिटणीस आप्पासो खुर्चीत रेलून हसले. "बाई, चोरी करणारा रीतिरिवाज पाळतो होय? भलताच सोवळा चोर म्हणायचा!"

"आन् दिवसाढवळ्या पाच वाजता, पाव्हणं टाळ्या पिटत असताना चोरी करतुया, व्हय वो आप्पासो? आग्या माश्या धुराबिगार पोळं सोडत्यात का? त्याच्याजवळ पलिता हुता का तुमची जाळी?"

जाळी सापडली होती. तिच्यावर मंडळाचा शिक्का होता. आप्पासोंनी या तपशिलाकडे दुर्लक्ष केले. एवढे निष्ठावान दुर्लक्ष मी शास्त्रग्रंथांच्या टीकाकारांतही पाहिलेले नाही.

बनुबाईने दोराचे कठड्याकडचे टोक उचलून मामलेदारांसमोर धरले. "हे बगा. तुटल्यालं न्हाई, घासल्यालं न्हाई. गाठीचा पीळ अजून हाय. कुनीतरी हातानं सोडल्यालं हाय."

मामलेदार सज्जन होते, म्हणजे बड्या माणसाला अडचणीत पाहून त्यांना संकोच होई. मुंबईचे एक न्यायाधीश त्या दिवशी सहकुटुंब कड्यावर होते. सातवी टोपी त्यांच्या पत्नीची. ती परत आली नाही. खाली काहीतरी गडगडल्याचा आवाज झाला, तेव्हा आप्पासोंनी दरड सुटल्याचे सांगून मंडळींना चहाला नेले होते. या सगळ्याला चोरीहून सौम्य आणि गुन्ह्याहून लहान असे एखादे नाव मिळावे, अशी मामलेदारांची इच्छा दिसत होती.

"आप्पासो," ते समजुतीने म्हणाले, "माणूस तुमच्याच कामावर होता असे लिहावे लागेल. मग चोरीचा मुद्दा राहत नाही. गाठ मुळातच सैल बांधली गेली असेल. तुमच्या बंदोबस्तात थोडी ढिलाई झाली, एवढेच. ताकीद देऊन प्रकरण मिटवतो."

बनुबाईने मुलीचा हात घट्ट धरला. तिची झोपडी वाचत होती. आप्पासोंचीही मान वाचत होती. केवळ गप्प राहायचे होते. परंतु 'ढिलाई' या शब्दाने त्यांचा चेहरा तांबडा झाला. वीस वर्षांत त्यांच्या बंदोबस्ताला कोणी बोट लावले नव्हते. ते उठून उभे राहिले, कोट सारखा केला आणि कारकुनाला सावकाश, शब्द सुटणार नाही अशा बेताने सांगू लागले. कारकुनाने उतरून घेतले, त्यांनी वाचून पाहिले आणि खाली सही केली. ते असे:

"माझ्या व्यवस्थेत ढिलाई कधीच नसते. गाठ मी स्वतः तपासली होती आणि ती पक्की होती. न्यायाधीशसाहेबांच्या बाईसाहेब कठड्याच्या त्या कोपऱ्याकडे येऊ लागल्या तेव्हा दोर त्यांना दिसला असता आणि सगळी गंमत गेली असती. म्हणून मी गाठ सोडून टोक दगडाखाली सारले. माणूस खाली आहे हे मला ठाऊक होते. पाहुणे अर्धा तास थांबणार होते. तेवढा वेळ त्याने दोरावर भार द्यायला नको होता."