मधली जागा

"मिस्ट," असं फोनला सांगून टकळीने स्वतःच्याच ओठांवर बोट दाबून धरलं.

कपाटात काळोख होता. गुडघे पोटाशी घेऊन बसलं की नाकासमोर बाबांचा रेनकोट यायचा, आणि मान जरा हलली तरी तो गालाला लागायचा. घरात नीट आवाज भरता येईल अशी हीच एक जागा होती. बाहेर फ्रिज घुरघुरायचा, नळ ठिबकायचा, शेजारचे काका दिवसभर घसा खाकरायचे.

बोट उचलून ती म्हणाली, "मिस्ट म्हणजे धुकं. पुढचा शब्द. रीड्स." आणि पुन्हा बोट ओठांवर.

शाळेत भाषेच्या तासाला असंच असायचं. शब्द ऐकू येतो, मग मध्ये जरा गप्प जागा असते, त्या जागेत आपण तो शब्द म्हणायचा. आईसाठी हीच युक्ती करायची हे टकळीच्या डोक्यात आलं तेव्हा ती स्वतःवर इतकी खूश झाली की आरशात बघून तिने स्वतःला सलाम ठोकला होता. पण ती मधली जागा! शब्द म्हणणं सोपं, गप्प बसणं म्हणजे शिंक आवरून धरण्यासारखं. झोपेतसुद्धा बडबड करते म्हणून बाबांनी तिचं नाव टकळी ठेवलं होतं, आणि शाळेच्या हजेरीतलं नाव आता बाईंशिवाय कुणालाच आठवत नव्हतं.

बाबा तळ्यावर होडी चालवायचे, म्हणून ही क्वार्टर. हिवाळ्यात एका धुक्याच्या सकाळी ते रेनकोट न घेताच निघाले. होडी तेवढी सापडली, बंधाऱ्याच्या भिंतीला लागून, उलटी. माणसांनी बंधाऱ्याजवळचं पाणी ढवळून काढलं. बाबा मिळाले नाहीत.

आता घरातल्या कुणाला तळ्यावर पक्की नोकरी असेल तरच क्वार्टर राहणार होती. आई विश्रामगृहाच्या चादरींना इस्त्री करायची, पण ते काम रोजंदारीचं, ते धरत नव्हते. पाहुण्यांना तळं दाखवायला एक गाइड हवी होती. झाडं, पाणी, पक्षी, सगळं इंग्रजीतून सांगता आलं पाहिजे, एवढीच अट.

मामा दर रविवारी फोन करायचा. "ताई, आमच्याकडची खोली रिकामीच आहे. त्या पाण्याकडे किती दिवस बघत बसणार आहेस?"

आई "हो रे" म्हणायची आणि चादरींकडे वळायची. बाबा मिळेपर्यंत ती हे तळं सोडणार नव्हती. हे तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं. टकळीला न बोलता कळलेली बहुधा तेवढी एकच गोष्ट होती.

दुपारी आई कानात इयरफोन घालून इस्त्री करत उभी होती. वाफेत तिचा चेहरा दिसायचा, पुसट व्हायचा, पुन्हा दिसायचा. टकळी टेबलावर चढून बसली आणि हनुवटीवर हात ठेवून तिच्या तोंडाकडे बघत राहिली. तोंड काही उघडेना.

तिने एक इयरफोन ओढून काढला. "आई! मध्ये जागा कशाला ठेवलीय मी? शोभेला?"

"म्हणते की."

"कुठे म्हणतेस? ओठांना इस्त्री केल्यासारखी उभी आहेस."

"मनात म्हणते. आधी ऐकून घेऊ दे नीट." आईने चादरीची घडी घातली, तिच्यावरून तळवा फिरवला. मग सहज विचारावं तसं म्हणाली, "ती मधली जागा जरा मोठी ठेवशील का?"

"अजून मोठी? तेवढ्यात मी अख्खी गोष्ट सांगेन!"

"ठेव ना, बाळा."

आई तिला एरवी कार्टे म्हणायची. टकळी मुकाट्याने कपाटात गेली.

त्या दिवसापासून आई सुधारली, म्हणजे ऐकायला लागली, बोलायला नाहीच. इस्त्री करता करता मध्येच थांबायची. पलीकडून कुणी काही सांगत असावं तशी मान डोलवायची. एकदा तर पदर तोंडाला लावून हसली. टकळीने तो तुकडा नंतर तीनतीनदा लावून ऐकला. तिचा स्वतःचा आवाज, "रिपल म्हणजे पाण्यावरची लहर," मग शांतता. हँगर दांड्यावर घासल्याचा बारीक आवाज. बस. हसण्यासारखं काय होतं त्यात?

"तू कपाटाचं दार पूर्ण लावून घेतेस ना?" आईने एकदा विचारलं.

"मग काय. गुदमरून जाते मी तुझ्यासाठी."

"रेनकोट हलवू नकोस तिथला."

आईच्या गाइडच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी टकळीला मैत्रिणीकडे जायचं होतं. तिने सगळे राहिलेले शब्द एका दमात म्हणून टाकले, मधल्या जागा पार गाळून, आणि फोन आईकडे दिला. चप्पल घालते न घालते तोच आतून इस्त्री आपटल्याचा आवाज आला.

आई आतल्या खोलीच्या दारात आली होती. इयरफोन मुठीत आवळलेले. चेहरा चादरीसारखा पांढरा.

"जागा कुठे गेली?"

"अगं, घाई होती म्हणून..."

"तू कुणाला बोलूच देत नाहीस!"

टकळीने आपलं काय चुकलं ते विचारायला तोंड उघडलं. पण आई तिच्याकडे बघत नव्हती. ती टकळीच्या खांद्यावरून कपाटाकडे बघत होती. टकळीने पायातली चप्पल काढली. ती मैत्रिणीकडे गेली नाही. तिने सगळे शब्द पुन्हा म्हटले आणि प्रत्येकानंतर इतका वेळ गप्प बसली की फोनचा उजेड विझून जायचा. काळोखात रेनकोट गालाला लागत होता, आणि या वेळी तिची मान हलली नव्हती.

परीक्षा ऑफिसच्या गच्चीत झाली. परीक्षा घेणाऱ्या मॅडम हसतमुख होत्या. पायरीवर बसायची परवानगी टकळीने तोंड न उघडण्याच्या अटीवर मिळवली होती. समोर तळं होतं, तळ्यात छोटं बेट, आणि पाण्यावर सकाळचं धुकं.

मॅडमनी इंग्रजीतच विचारलं, समोर काय काय दिसतंय ते सांगा.

आईने घसा साफ केला. "लेक," ती म्हणाली. "मिस्ट. रीड्स." लव्हाळ्यांकडे तिने बोटही दाखवलं. टकळीने पायरीवर बसल्या बसल्या हवेत मूठ उडवली.

मग आई थांबली. तिने मान एका बाजूला कलती केली, इस्त्री करताना करायची तशी. कानात इयरफोन नव्हते.

"सिल्ट," ती म्हणाली. जरा वेळाने, "रूट्स." आणि आणखी वेळाने, अगदी हळू, "स्टंप."

टकळीची मूठ हवेतच राहिली. हे तिने शिकवलेले शब्द नव्हते. सिल्ट म्हणजे काय हे तर तिलाच माहीत नव्हतं. घरात इतकं इंग्रजी एकाच माणसाला यायचं, पाहुण्यांना होडीतून फिरवून फिरवून आलेलं.

"छान," मॅडम म्हणाल्या आणि मराठीवर आल्या. "पण गाळ, मुळं, झाडाचा खुंट, हे इथून कुठे दिसतंय तुम्हाला?"

"दिसत नाही. खाली आहे."

"खाली?"

"बेटाच्या मागे. जुनी बाग बुडली तिथे." आईचा आवाज पाहुण्यांना माहिती द्यावी तसा एकसारखा होता. "होडी वाऱ्याने भिंतीकडे गेली. सगळ्यांनी भिंतीपाशी शोधलं. बागेत कुणी बघितलंच नाही."

मॅडमचं हसू कुठल्या कुठे गेलं. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

आईने पायरीवरच्या टकळीकडे बघितलं. "हिनेच. हिने बोलायला जागा ठेवली ना."

मॅडमनी खाली वाकून होडीवाल्या काकांना हाक मारली.

दोन होड्या बेटामागे गेल्या. टकळी आणि आई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. धुकं विरळलं, ऊन चढलं. मग पहिली होडी बेटाला वळसा घालून अगदी सावकाश येताना दिसली. काकांनी डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली होती.

होडीत ताडपत्रीखाली काय होतं ते टकळीने विचारलं नाही. त्या दिवशी तिने कुणालाच काही विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात मॅडम स्वतः घरी आल्या आणि नोकरीचा कागद देऊन गेल्या. जाताना दाराशी क्षणभर घुटमळल्या, कपाटाकडे बघितलं, आणि चहा न घेताच गेल्या. मामाचा फोन आला तेव्हा आईने त्याला सांगितलं, "तुझी खोली भाड्याने देऊन टाक रे आता."

संध्याकाळी चादरींचा शेवटचा ढीग उरकून आईने फोन टकळीच्या हातात ठेवला. "अजून पक्ष्यांचे शब्द राहिलेत माझे. भरून दे." मग इस्त्रीची वायर गुंडाळत म्हणाली, "आणि मधली जागा आता एवढी मोठी नको. लहान चालेल."

टकळी कपाटात बसली. दार लावून घेतलं. रेनकोट समोर सरळ लोंबत होता, कपडा लोंबतो तसा.

पक्षी नंतर. आधी तिला एक राहिलेला शब्द म्हणायचा होता.

"शोअर," ती म्हणाली आणि ओठांवर बोट ठेवलं.

दाराबाहेरून आईचा आवाज आला, मोठा आणि स्वच्छ. "शोअर. शोअर म्हणजे किनारा."

बरोबर होतं. पुढचा शब्द म्हणायला हरकत नव्हती. टकळीने बोट ओठांवर तसंच ठेवलं आणि आणखी थोडा वेळ थांबून राहिली.