कंसातला शब्द

लघुलेखिका बाईंची बोटं इतकी तयार होती, की वकिलाचं वाक्य संपायच्या आत कागदावर त्यांचा पूर्णविराम पडलेला असायचा. बावीस वर्षं त्या कोर्टात टाइप करत होत्या. सगळे त्यांना टकटकबाई म्हणत, आणि त्यांना त्याचा राग नव्हता. घरी नवरासुद्धा त्यांना त्याच नावानं हाक मारायचा.

त्या दिवशी लिफ्टचा खटला होता. सात मजली इमारतीची लिफ्ट कोसळून एका शिवणकाम करणाऱ्या बाईचे दोन्ही पाय मोडले होते. दोर झिजल्याचं मला कुणी सांगितलंच नाही, असं मालक शपथेवर म्हणत होता. आपण सांगितलं, असं म्हणणारा एकच माणूस होता, तो म्हणजे लिफ्टचा मेकॅनिक. पन्नाशी उलटलेली, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि कितीही घासलं तरी नखांतून न निघणारं ग्रीस. लहानपणापासून तोतरा. मालकाच्या वकिलांनी ते पहिल्या मिनिटात हेरलं.

“दोर झिजलाय, हे तुम्ही कुणाला सांगितलं?”

“म... म...”

मेकॅनिकचे ओठ मिटले ते मिटलेच. मानेची शीर तटतटून फुगली.

“आठवत नाही का?” वकील मधाळ आवाजात म्हणाले. “मुकादमाला? मित्राला? मेव्हण्याला?”

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. त्याच बाकाच्या टोकाला मेकॅनिकची बायको बसली होती. कुठला शब्द अडलाय ते तिला पक्कं ठाऊक होतं, पण तिनं ओठसुद्धा हलवले नाहीत.

“मालकांना,” एकदाचा शब्द सुटला. “तीन वेळा. तोंडी.”

टकटकबाईंनी उत्तर टाइप केलं आणि त्याच्याआधी हाताच्या सवयीनं कंसात घातलं: साक्षीदार चाचरला.

जबानी संपली. कागद सहीसाठी मेकॅनिकपुढे आला. बहुतेक लोक न वाचताच सही ठोकून मोकळे होतात. यानं चष्मा लावला, ओळीखाली बोट धरून शेवटपर्यंत वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

“मॅडम, यातला एक शब्द चुकलाय.”

न्यायाधीशबाईंनी मान वर केली. “कुठला?”

“चा... चा...”

“चाचरला!” वकिलांनी शब्द पुरवला. “आत्तासुद्धा चाचरतायत. मग चुकलं काय?”

कोर्ट हसलं. हसणं ओसरेपर्यंत मेकॅनिक थांबला. मग म्हणाला, “माझे शब्द मला बोलू द्या. वेळ लागेल.”

“लागू दे,” न्यायाधीशबाई म्हणाल्या.

“कोशात चाचरणं आणि अडखळणं एकच आहे, मॅडम,” वकिलांनी घाईघाईनं जोडलं.

“कोशात असेल,” मेकॅनिक म्हणाला. “पण लोक चाचरला कधी म्हणतात, ते बघा. चोरी पकडली की माणूस चाचरतो. धडा पाठ नसला की पोर मास्तरापुढे चाचरतं. पोटात एक असतं आणि ओठावर दुसरं आणायचं असतं, तेव्हा चाचरतो. माझ्या पोटात मालकच होते, ओठावरही मालकच. फक्त वाटेत अडकले. दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, म्हणून लिफ्ट काय आपला मजला विसरते? मी तोतरा आहे. तसं लिहा. अडखळला लिहा. त्याची मला लाज नाही. पण चाचरला लिहिलंत, तर उद्या कागद वाचणारा म्हणेल, गडी खोटं बोलत होता.”

एवढं बोलायला त्याला सहा मिनिटं लागली. तीनदा तर पुढचा शब्द येतोय की नाही, असं वाटावं इतका तो थांबला. पण एकही शब्द त्यानं सोपा म्हणून बदलून घेतला नाही, की मध्येच सोडला नाही. मागच्या बाकांवरचं हसणं कधीच विरून गेलं होतं.

“हा शेरा मी सांगितल्याचं मला आठवत नाही,” न्यायाधीशबाई म्हणाल्या.

टकटकबाईंनी कळांवरून बोटं उचलली. त्या उभ्या राहिल्या. भर कोर्टात त्या कधी बोललेल्याच नव्हत्या.

“नाही, म्हणजे... मॅडम, तो... म्हणजे सवयीनं... माझाच आहे.”

आपण आत्ता केलं, त्याला म्हणतात चाचरणं, हे त्यांना लख्ख कळलं. कानाच्या पाळ्या तापल्या.

“खोडा,” न्यायाधीशबाई म्हणाल्या. “आणि लिहा: साक्षीदारास तोतरेपणामुळे बोलण्यास वेळ लागतो. उत्तरे स्पष्ट आणि ठाम आहेत.”

तीन आठवड्यांनी निकाल लागला तो शिवणकामवाल्या बाईच्या बाजूनं. त्यात मेकॅनिकची साक्ष विश्वासार्ह मानली होती. ते पानही टकटकबाईंनीच टाइप केलं, एकेक अक्षर तपासून.

निकालानंतर जिन्यापाशी त्यांनी मेकॅनिकला गाठलं. बायको सोबत होतीच.

“दादा, त्या दिवशी माझं चुकलं. मन फार खात होतं माझं.”

मेकॅनिकनं तोंड उघडलं, आणि शब्द अडला. टकटकबाईंच्या जिभेवर तीन-चार वाक्यं आयती तयार होती: असू द्या, होतं असं, काही हरकत नाही. त्या गप्प राहिल्या. माणसं जिना उतरत होती, धक्के लागत होते.

“बाई,” तो शेवटी म्हणाला, “एवढ्या पानांत एकच चूक. आमच्या धंद्यात असा हात मिळाला, तर आम्ही त्याला सोडणार नाही.”

“बघा बाई,” बायको हसत म्हणाली, “माझ्या स्वयंपाकाचं इतकं कौतुक तीस वर्षांत नाही केलंय यांनी!”