गाळलेले चौकोन

लातूरच्या सर्वेक्षण कंपनीचा मालक अमरनाथ याने शिवकन्येच्या वडिलांना उदगीरहून बोलावून घेतलं आणि सगळ्या स्टाफसमोर सांगितलं, "तुमच्या मुलीनं आमचा डेटा बाहेर विकायला काढला होता. पोलिसात देत नाही, ते तुमच्या वयाकडे बघून."

रेवणप्पांचं मोंढ्यात डाळीचं दुकान. कुणाला कधी वजनात मारलं नाही असा माणूस. त्यांनी त्या भरल्या ऑफिसात कमरेत वाकून हात जोडले. "पोरीला माफ करा, साहेब."

न केलेल्या चोरीची माफी. शिवकन्या शेजारीच उभी होती. ती रडली नाही. तिनं अमरनाथकडे फक्त पाहून घेतलं.

खरी गोष्ट निराळीच होती. विमानातून लेसरची किरणं जमिनीवर सोडायची आणि ती परत येतील तशी उंची मोजायची, हे त्या कंपनीचं काम. याला लायडार म्हणतात. एका नदीच्या सर्वेक्षणात हजारो फायली निघतात, दर फाइल म्हणजे जमिनीचा एक चौकोन. पूर्वी माणसं एकेक फाइल उघडून झाडं, घरं, तारा वेगळ्या काढत आणि खालची जमीन शोधत. शिवकन्येनं स्क्रिप्ट लिहिली. फोल्डर दाखवायचं, हुकूम द्यायचा. ती ओळीनं सगळ्या फायली साफ करत जाई. पुण्यातल्या एका सादरीकरणात अमरनाथ ती "मी लिहिली" म्हणून मिरवू लागला, तेव्हा ही मागच्या खुर्चीतून उठून म्हणाली, "सर, ती मी लिहिली आहे." पुढच्याच आठवड्यात तिच्यावर चोरीचा आळ आला.

लातुरात मग तिला कुणी दारात उभं केलं नाही. तिनं नांदेड गाठलं. दुसऱ्यांनी केलेली सर्वेक्षणं तपासणाऱ्या एका संस्थेत नोकरी धरली, आणि डूख धरून बसली. लातूरचं काम कधी ना कधी आपल्या टेबलावर येणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ते आलंच. हदगावकडच्या एका नदीची पूररेषा आखायची होती आणि सर्वेक्षण अमरनाथच्या कंपनीचं होतं. शिवकन्येनं नकाशा उघडला आणि थोड्याच वेळात तिची नजर एका जागी थबकली. नदीच्या वळणावरची जमीन इस्त्री फिरवल्यासारखी सपाट दिसत होती. ना बांध, ना वाट, ना घळ. तिनं मूळ फायली काढून पाहिल्या. त्या वळणावरच्या फायली खराब होत्या, उघडतच नव्हत्या.

तिच्या स्क्रिप्टचा नियम होता, की फाइल खराब निघाली तर तिथंच थांबायचं आणि माणसाला सांगायचं. तो नियम कुणीतरी काढून टाकलेला दिसत होता. आता स्क्रिप्ट खराब चौकोन गाळून पुढं जात होती आणि शेजारच्या शेतांची उंची ओढून भोक बुजवत होती. कुणी काढला, हे विचारायची तिला गरज नव्हती. काम थांबलं की अमरनाथचं डोकं फिरतं, हे तिनं वर्षानुवर्षं पाहिलं होतं.

ती एसटीनं हदगावला गेली, तिथून रिक्षानं त्या वळणावर. तिथं शेत नव्हतंच. खोलगट जागी वस्ती होती. अंगणवाडीत काम करणाऱ्या पंचशीलाबाईंनी तिला भिंत दाखवली. छातीइतक्या उंचीवर गाळाची रेघ होती.

"इथवर पाणी आलतं," बाई म्हणाल्या. "लेकरं पत्र्यावर बसवली आमी. तुमच्या नकाशात काय दाखवलंय?"

"उंच, कोरडी जमीन."

बाई म्हणाल्या, "मग पुढच्या बारीला पाण्याला नकाशा दाखवावा लागंल."

नांदेडला परत येताना शिवकन्येच्या मनात चीड होती. वस्तीसाठी होती, पण सगळी वस्तीसाठी नव्हती, हे तिला कळत होतं. चूक दिसली की आधी सर्वेक्षण करणाऱ्या कंपनीला फोन करायचा, ते गुपचूप दुरुस्त करून देतात, अशी तपासणीची रीत. तिनं फोन केला नाही. पूररेषा मंजूर करायची पाटबंधारे खात्याची बैठक जवळच आली होती. तिनं वाट पाहिली.

खात्याच्या कचेरीत बैठकीला अमरनाथ कडक इस्त्रीच्या शर्टात आला. सोबत लॅपटॉप सांभाळायला रेणुका नावाची नवी मुलगी. हिचं नाव शिवकन्येनं बैठकीच्या यादीत आधीच वाचलं होतं. शिवकन्येला पाहून तो जरा चपापला, मग तोंडभर हसला. सादरीकरण झालं. मुख्य अभियंत्यांनी विचारलं, "तपासणीवाल्यांना काही?"

शिवकन्येनं आवाज अगदी मऊ ठेवला. "काम लई मोठं आहे, सर. एवढ्या फायली इतक्या लवकर कशा झाल्या?"

"आमची स्वतःची स्क्रिप्ट आहे," अमरनाथ म्हणाला.

"कुणी लिहिली?"

इतक्या लोकांत त्याला दुसरं उत्तर नव्हतं. "मी."

"सगळी?"

"एकूणएक ओळ."

तिनं पडद्यावर ते वळण आणलं, मग वस्तीचे फोटो, मग भिंतीवरची रेघ. खराब फायली गाळून भोक कसं बुजवलं, ते सांगितलं. मुख्य अभियंता पुढं वाकले. "म्हणजे ही माणसं आपण पुराच्या बाहेर दाखवत होतो?"

अमरनाथनं रेणुकेकडं बोट केलं. "सर, ही मुलगी नवी आहे, तिनं चालवताना काहीतरी..."

रेणुकेचा चेहरा उतरला. "साहेब, फायली उघडत नाहीत म्हणून मी सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, चालू दे."

"आणि स्क्रिप्ट तर तुम्हीच लिहिली," मुख्य अभियंता म्हणाले. "आत्ताच म्हणालात. एकूणएक ओळ."

अमरनाथनं शिवकन्येकडं पाहिलं. खरं सांगावं तर चोर ठरतो, खोटं धरून राहावं तर गुन्हेगार. तो खाली बसला. तिला वाटलं होतं त्याहून ते गोड होतं.

बाहेर व्हरांड्यात त्यानं तिला गाठलं. "एक फोन केला असतास तर काय बिघडलं असतं?"

"काहीच नाही," ती म्हणाली. "तुमचंही काही बिघडलं नसतं."

त्याला काळ्या यादीत टाकलं. लातूरचं ऑफिस पावसाळ्याआधीच बंद पडलं. त्या वळणावरून विमान पुन्हा फिरलं आणि वस्ती पूररेषेच्या आत आली. शिवकन्येनं उदगीरला जाऊन आप्पांना सगळं सांगितलं. ते लाडानं तिला अव्वा म्हणत. "बरं झालं, अव्वा," ते म्हणाले आणि गिऱ्हाइकाला डाळ मापू लागले. तिला वाटलं होतं ते आणखी काही बोलतील.

मग एका दुपारी रेणुका नांदेडच्या ऑफिसात आली. ती चाकूरची. ऑफिस बंद पडल्यापासून घरीच होती. त्या कंपनीचं नाव सांगितलं की पुढची माणसं नाही म्हणत.

"इथं जागा आहे," शिवकन्या म्हणाली. "मी बोलते वरती."

"त्यासाठी नाही आले." रेणुका उभीच राहिली. "तुम्हाला आधीच ठाऊक होतं, व्हय ना? मी त्या खोलीत असणार, हे पण?"

शिवकन्येनं मान डोलावली. होय.

"भर बैठकीत त्यानं माझ्यावर ढकललं. माझा मामा त्याच कचेरीत शिपाई आहे. दारात उभा होता." तिचा आवाज चढला नाही. "तुमच्या हाताखाली मी काम करणार न्हाई. पण तुमचं नाव ध्यानात ठेवीन."

तिनं शिवकन्येकडं नीट पाहून घेतलं आणि जिना उतरून गेली. शिवकन्या तिला हाक मारायला उठली, दारापर्यंत गेली, आणि चौकटीला हात टेकून उभी राहिली.