दहावी नापास

अर्जावर मी 'दहावी नापास' असं धडधडीत खोटं लिहिलं, तेव्हा कुठे नोकरी मिळाली. त्याआधी अकरा ठिकाणी माझी पीएचडी बघून साहेब लोक गोड हसले होते. "तुम्ही इथं टिकणार नाही हो!" एकाची तर तिथंच मानगूट धरावीशी वाटली. शेवटी बायकोच्या भावानं तो कामाला होता त्या कारखान्यात चिकटवलं. पत्रा कापायच्या एका प्रेसवर मेहुणा, शेजारच्या प्रेसवर मी. शनिवारी तीन महिने भरले की मी कायम होणार होतो.

त्याच आठवड्यात सोमवारी मेहुण्याच्या प्रेसमधून आवाज यायला लागला. पातं वर गेलं की बारीक टक्. मशीनच्या याच आवाजांवर मी पीएचडीची चार वर्षं घासली होती. क्लचची पिन तडकत होती. ती तुटली की बटण न दाबताही पातं खाली येतं.

जेवणाच्या सुट्टीत मी मेहुण्याला सांगितलं, "मुकादमाच्या कानावर घालतो."

"आणि तो विचारेल, तुला रे कसं कळलं? अळीमिळी गुपचिळी, दाजी. शनिवारपर्यंत. मी हात जपतो."

मी गप्प बसलो. मला गप्पच बसायचं होतं, खोटं कशाला बोलू?

गुरुवारी पिन तुटली. मेहुणा पत्रा सरळ करत होता. पत्र्याबरोबर त्याची चार बोटं कापली गेली. रक्त माझ्या तोंडावर उडालं. तो ओरडलाही नाही, नुसता हाताकडे बघत राहिला. मी शर्ट फाडून त्याचं मनगट आवळलं.

मुकादम धावत आला आणि आल्या आल्या माझ्या कानफटात मारली. "शेजारी उभा होतास ना गाढवा? काही कळलं नाही तुला?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला खाली पाडून मी छातीवर बसलो आणि तोंडावर बुक्के हाणले. त्याचा दात माझ्या मुठीत रुतला, तरी थांबलो नाही. 'कळलं होतं!' एवढंच मला ओरडायचं होतं. तोंड उघडलंही.

"साहेब!" मेहुणा भिंतीला टेकून बसला होता, ओठ पांढरेफटक. "त्यांना कामावरून काढू नका. माझं रक्त बघून डोकं फिरलंय त्यांचं. दहावी नापास माणूस, त्यांना काय कळणार?"

माझी मूठ वरच्या वर थांबली. मी मुकादमाच्या छातीवरून उठलो.

"नाही कळलं, साहेब," मी म्हणालो.